लिंकरच्या चुकीला ओळ क्रमांक का नसतो?

सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला लागलं की दोन तऱ्हेच्या चुका समोर येतात. सेमीकोलन राहिला तर कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, फाइल आणि ओळ दाखवतो. पण कंपाइल झालेले तुकडे एकत्र जोडणाऱ्या लिंकरकडून 'अनडिफाइन्ड रेफरन्स' (नाव सापडलं नाही) आला की बहुतेक वेळा फक्त एका फंक्शनचं नाव दिसतं. नवशिकी मुलं मग तासन्‌तास स्वतःचा कोड तपासत बसतात, आणि चूक अनेकदा त्या कोडमध्ये नसतेच. त्यांना हा फरक पहिल्याच आठवड्यात सांगायला हवा, असं मला फार वाटतं.

कंपाइल करणं आणि जोडणं या दोन कामांतलं जोडणीचं काम आधीचं आहे. १९४९ मध्ये केंब्रिजला एडसॅक संगणक सुरू झाला, तेव्हा सबरूटीन (पुन्हा पुन्हा वापरायचे प्रोग्रॅमचे तुकडे) कागदी फितीवर साठवलेल्या असत आणि डेव्हिड व्हीलर यांच्या सुरुवातीच्या आज्ञा त्या मेमरीत भरताना पत्ते जुळवून घेत. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रेस हॉपर यांच्या ए-शून्य प्रणालीनेही टेपवरच्या सबरूटीन शोधून एकत्र जोडल्या. आज लिंकर करतो ते हेच.

१९५७ च्या फोरट्रान भाषेत एक ओळ बदलली तरी सगळा प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करावा लागे. १९५८ च्या फोरट्रान-२ मध्ये सबरूटीन वेगवेगळ्या कंपाइल करता येऊ लागल्या. मेमरी तुटपुंजी, संगणकाचा वेळ महाग. त्यामुळे ही मोठीच सोय होती. मात्र तेव्हापासून कंपायलर दुसऱ्या फाइलमधलं फंक्शन असेलच असं धरून पुढे जातो. ते नसलं तर कळतं लिंकरला, आणि त्याच्या हाती प्रामुख्याने नावं असतात. ती नावंही पूर्ण मिळतीलच असं नव्हतं: जुन्या लिंकरांच्या मर्यादेमुळे सीच्या १९८९ च्या मानकाने बाहेरून दिसणाऱ्या नावाच्या पहिल्या ६ अक्षरांचीच हमी दिली होती.

युनिक्सवरचा लिंकर आदेशात लिहिलेल्या स्टॅटिक लायब्ररी (आधीच कंपाइल केलेल्या फंक्शनांचे संच) डावीकडून उजवीकडे एकदाच चाळतो. म्हणून गणिताच्या लायब्ररीचा 'हायफन एल एम' आदेशाच्या शेवटी लिहायचा असतो. तो आधी लिहिला तर लायब्ररी जागेवर असूनही फंक्शन सापडत नाही.

आपल्याकडे कॉलेजांत वर्षानुवर्षं टर्बो सी हा कंपायलर वापरला गेला. 'ग्राफिक्स डॉट एच' जोडूनही 'अनडिफाइन्ड सिम्बॉल इनिटग्राफ' येई, कारण अशा हेडर फाइलमध्ये फंक्शनची फक्त घोषणा असते. ऑप्शन्समध्ये लिंकरखाली ग्राफिक्स लायब्ररीवर खूण केली की काम होई. अनेकांनी ती खूण पाठ केली. ती का करायची, हे थोड्यांनाच कळलं.

कंपायलरच्या चुकांची लांबलचक यादी पंच कार्डांच्या काळाची आठवण देते. कार्डांचा गठ्ठा देऊन निकालाची वाट पाहावी लागे, त्यामुळे एका फेरीत जितक्या चुका सापडतील तितक्या दाखवणं गरजेचं होतं. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाने १९६५ मध्ये खास विद्यार्थ्यांसाठी वॉटफोर हा कंपायलर केला तो याच गरजेतून: झटपट कंपाइल व्हावं आणि चूक नीट कळावी. त्या पद्धतीमुळे आजही एका राहिलेल्या कंसापायी वीस तक्रारी छापल्या जातात. म्हणून पहिली चूक आधी दुरुस्त करावी आणि पुन्हा कंपाइल करावं.

पुढे क्लँग या कंपायलरने चुकीच्या जागी बाण आणि सुचवणी दाखवायला सुरुवात केली. जीसीसी या दुसऱ्या कंपायलरच्या २०१३ च्या ४.८ आवृत्तीतही बाण आला. लिंकर मागे राहिला होता, पण एलएलव्हीएम प्रकल्पाचा एलएलडी हा लिंकर आता न सापडलेल्या नावाशी जुळणारं दुसरं नाव सुचवतो.