जुन्या गाडीला ऑइल प्रेशर मीटर बसवण्याआधी

सातारा, वाई, कोरेगाव, कराड भागात फियाट, पद्मिनी, अँबॅसडर, जुनी जीप जिवापाड सांभाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

पद्मिनीच्या डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा तुमच्या ओळखीचा आहे. चावी फिरवली की लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो, आणि तो विझला की आपण निर्धास्त होतो. पण त्या दिव्याला एकच गोष्ट कळते. इंजिनवरचा त्याचा स्विच ऑइलचा दाब साधारण ५ ते ७ पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक, पौंड प्रति चौरस इंच) खाली गेला तरच दिवा लावतो. दाब ६० वरून ३० वर आला, ३० वरून १२ वर आला, तरी दिवा गप्पच. आणि भर घाटात, इंजिनवर पूर्ण लोड असताना तो लागला, तर तोवर बेअरिंगचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

वाईच्या एका ग्राहकांची पद्मिनी क्लचच्या कामाला आली होती. वडिलांनी घेतलेली गाडी, इंजिनबद्दल काहीच तक्रार नाही. जुनी गाडी हातात आली की आम्ही तपासणीचा मीटर लावून बघतो, तसा लावला. सकाळी थंड इंजिनला काटा ५५ वर. मग यवतेश्वरचा अर्धा घाट चढून परत आलो आणि गाडी स्लोवर (ॲक्सिलरेटर न देता, उभ्या गाडीत इंजिन चालू) सोडली, तर काटा ८ वर. दिवा अर्थातच विझलेला. चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) उतरवून बिगएंडची, म्हणजे कनेक्टिंग रॉड जिथे क्रँकला जोडतो तिथली बेअरिंगं काढली, तेव्हा वरचा करडा थर झिजून खालचं तांबं दिसत होतं. क्रँकवर नख फिरवून पाहिलं, कुठे अडकलं नाही, म्हणजे क्रँकला चरे नव्हते. नवी बेअरिंगं टाकली आणि काम भागलं. आणखी एखादं वर्ष तशीच चालली असती, तर क्रँक ग्राइंडिंगला पाठवावा लागला असता.

काटा नेमकं काय सांगतो

ऑइल पंप दाब तयार करत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. ते ऑइल क्रँक आणि बेअरिंगच्या मधल्या बारीक फटीतून वाट काढतं, तिथे त्याला अडथळा होतो आणि त्या अडथळ्यामुळे दाब तयार होतो. नळाच्या तोंडावर बोट धरलं की पाणी जोरात उडतं, बोट सैल केलं की जोर जातो, तसंच. बेअरिंग झिजलं की फट वाढते आणि काटा खाली येतो. ऑइल तापून पातळ झालं तरी काटा खाली येतो. म्हणून एकाच वेळचा आकडा बघून काही ठरवायचं नाही. थंड इंजिनचा, तापलेल्या इंजिनचा आणि सपाट रस्त्यावर टॉप गिअरमधला, असे तीन आकडे हवेत.

मेकॅनिकल की इलेक्ट्रिक

मेकॅनिकल मीटरमध्ये इंजिनमधलं ऑइल बारीक नळीतून थेट मीटरपर्यंत येतं. आत अर्धगोल वाकवलेली एक चपटी नळी असते. दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा हलतो. युजीन बूर्दाँ या फ्रेंच माणसाने १८४९ मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती आजही तशीच वापरात आहे. हिला वीज लागत नाही, त्यामुळे बॅटरीचा प्लस अर्थ असलेल्या (प्लस टोक बॉडीला जोडलेल्या) जुन्या गाड्यांतही ती बिनघोर चालते.

इलेक्ट्रिक मीटरमध्ये इंजिनवर सेंडर (दाब ओळखून वायरीतून मीटरला कळवणारा भाग) बसतो आणि डॅशबोर्डपर्यंत फक्त वायर येते. गाडीच्या आत ऑइल येत नाही, हा मोठा फायदा. पण मीटर आणि सेंडर एकाच जोडीचे हवेत. एकाचा सेंडर आणि दुसऱ्याचा मीटर जुळवला तर काटा हलतो, फक्त खोटं सांगतो. शिवाय बऱ्याच सेंडरना अर्थ त्यांच्या आट्यांतूनच मिळतो. तिथे सवयीने टेफ्लॉन टेप गुंडाळली की मीटर भरकटतो.

आमचं मत विचाराल तर जुन्या गाडीला मेकॅनिकल. मात्र नळीच्या बाबतीत तडजोड नको. मीटरच्या डब्यात बऱ्याचदा प्लास्टिकची नळी येते. ती सायलेन्सरच्या गरम पाइपाजवळून गेली तर वितळते, आणि मग गरम ऑइल थेट पायावर. आम्ही तांब्याची नळी टाकतो. तांबंही सततच्या थरथरीने कडक होऊन चिरतं, म्हणून इंजिन आणि बॉडीच्या मध्ये नळीला दोन-तीन वेटोळी देतो, म्हणजे इंजिनचा हिसका वेटोळ्यात जिरतो. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात रबरी ग्रोमेट (कडेची रिंग) टाकल्याशिवाय नळी आत घेत नाही.

आटे आणि टी

या कामातली सगळ्यात मोठी चूक इथे होते. एक-अष्टमांश इंचाचे दोन प्रकारचे आटे बाजारात मिळतात. ब्रिटिश बीएसपीला इंचाला २८ आटे आणि अमेरिकन एनपीटीला २७. हाताने दोन फेरे दोन्ही गोड बसतात, मग पान्ह्याने जोर लावला की ब्लॉकचे आटे जातात. मेट्रिक १० मिलिमीटरचं फिटिंगही डोळ्यांना तसंच दिसतं. म्हणून आम्ही पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी) लावून आटे मोजतो आणि लागलं तर अडॅप्टर लेथवर करून घेतो. तुम्ही स्वतः मीटर आणणार असाल तर आणा, पण फिटिंग आमच्यावर सोडा.

लाल दिवा आम्ही काढत नाही. टी (एका भोकाला दोन जोडण्या देणारं फिटिंग) लावून मीटर आणि दिव्याचा स्विच दोन्ही ठेवतो, कारण गाडी चालवताना कुणी सारखं काट्याकडे बघत नाही. पूर्वी आम्ही एका जीपला पितळी टी थेट ब्लॉकवर बसवून त्यालाच जड सेंडर लटकवला होता. थरथरीने टीची मान चिरली आणि ग्राहकाला रस्त्यात थांबावं लागलं. ती चूक आमची होती, दुरुस्ती आम्ही आमच्या खर्चाने केली. तेव्हापासून जड सेंडर असेल तर टी फायरवॉलवर पट्टीने पक्का करतो आणि ब्लॉकपासून तिथवर जाळीदार होज नेतो.

डॅशबोर्डला भोक पाडत नाही

मूळ पत्र्याच्या डॅशबोर्डला ५२ मिलिमीटरचं भोक पाडलं की ते कायमचं. आम्ही डॅशबोर्डच्या खालच्या काठाला ब्रॅकेट लावतो, शक्यतो आधीच्या स्क्रूच्या भोकांतच. तुम्हाला सीटवर बसवून, स्टिअरिंग हातात देऊन काटा पूर्ण दिसतो का ते पाहतो, मगच नट आवळतो. मीटरच्या बल्बची वायर पॅनल लाइटच्या लाइनवरून घेतो.

नंतर तुमचं काम

पहिला आठवडा आकडे वहीत लिहा. हजार आरपीएमला १० पीएसआय हा जुन्या मिस्त्रींचा ढोबळ हिशोब आहे. घाट चढून आल्यावर स्लोला काटा १५ पर्यंत उतरला तर घाबरू नका, ॲक्सिलरेटर दिल्यावर तो चटकन वर जातो का ते बघा. मीटरवर किलोचे (किलो प्रति चौरस सेंटिमीटर) आकडे असतील तर १ किलो म्हणजे साधारण १४ पीएसआय.

पसरणीच्या किंवा यवतेश्वरच्या वळणावर काटा क्षणभर खाली जाऊन परत वर येत असेल, तर आधी डिपस्टिक बघा. ऑइल कमी असलं की वळणावर ते चेंबरच्या एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. लिटरभर ऑइलने सुटणारी ही गोष्ट आहे. पण काटा शून्याकडे गेला आणि दिवाही लागला, तर गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि लगेच इंजिन बंद करा. ऑइल भरलेलं असूनही असं झालं असेल, तर ‘जवळच आहे’ म्हणून पुन्हा सुरू करू नका. टो करून आणा.

मीटर बसवायला आम्हाला अर्धा दिवस लागतो. ५०० किलोमीटरनंतर गाडी एकदा दाखवून जा, सगळे जॉइंट पुसून गळती बघतो, त्याचे पैसे घेत नाही. गाडी शक्यतो आदल्या संध्याकाळी आणून सोडा. रात्रभर थंड झालेल्या इंजिनचा सकाळचा पहिला आकडा आम्हाला तुमच्यासमोर घ्यायचा असतो.