एक भाकर, दोन वह्या: सातारा-सांगलीच्या मंडळ्यांची पार्श्वभूमी

ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, वार्षिक सभेत कोणी "आमच्याकडे पूर्वीपासून असंच आहे" म्हणून उभे राहिले की एक प्रश्न विचारावा: पूर्वीपासून म्हणजे कुठल्या मिशनपासून? कारण साताऱ्याचे 'पूर्वी' आणि सांगली-मिरजेचे 'पूर्वी' वेगवेगळे आहे, आणि आजच्या बहुतेक वादांची मुळे त्या फरकात सापडतात.

1848 मध्ये सातारा संस्थान खालसा झाले आणि 1849 मध्ये अमेरिकन मराठी मिशनने तिथे ठाणे उघडले. हे लोक काँग्रिगेशनल परंपरेचे. त्यांच्यात प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतःची धनी असते. पाळक (धर्मगुरू) निवडणे, सभासद घेणे, एखाद्याला शिस्त लावणे, सगळे सभासदांच्या मताने. दक्षिणेकडचा प्रवाह कोल्हापुरातून आला. तिथे 1852 मध्ये मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी सुरू केलेले काम 1870 मध्ये अमेरिकन प्रेसबिटेरियन बोर्डाकडे गेले. मग 1884 मध्ये सांगली, आणि 1894 मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांचे मिरजेचे रुग्णालय. प्रेसबिटेरियन पद्धतीत सभासद 'वडील' म्हणजे ज्येष्ठ कारभारी निवडतात, हे वडील आणि पाळक मिळून कारभार पाहतात आणि त्यांच्यावर प्रेसबिटरी, म्हणजे अनेक मंडळ्यांची मिळून वरची सभा असते. एका पद्धतीत भांडण घरातच मिटवावे लागते, नाही मिटले तर घर फुटते. दुसरीत ते वर जाते आणि वरच लोंबकळत राहते. दोन्हींचे दुखणे निराळे, म्हणून औषधही निराळे.

त्या काळी एकीसाठी मिशनांनी काढलेली युक्ती म्हणजे हद्दी. एकाच्या मुलखात दुसऱ्याने काम उघडायचे नाही. त्यामुळे माणूस कोणत्या पंथाचा हे त्याच्या विचारावर नाही, तर गाव हद्दीच्या कुठल्या बाजूला आहे यावर ठरले. साताऱ्याकडचे कुटुंब नोकरीसाठी मिरजेला आले की बरोबर मंडळीचे पत्र आणायचे. त्यावर नाव, बाप्तिस्म्याची तारीख, प्रभुभोजनात (भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीत) सहभागी आहे की नाही, आणि शिस्तीची कारवाई चालू नाही हा शेरा. वरवर साधा कागद, पण सगळी सभासद यादी त्याच्यावर उभी असते. पत्र न आणता माणूस नव्या मंडळीत रुजला, तर त्याचे नाव दोन्ही रजिस्टरांत राहते. वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही. निवडणूक आली की मात्र त्या नावावर हरकत येते. तेव्हा जुने पत्र शोधायला धावाधाव होते आणि ते सापडत नाही. पत्र मिळाल्याची पोच जुन्या मंडळीला कळवणे आणि तिथले नाव त्याच महिन्यात कमी करणे, एवढे केले तरी अर्धी कटकट टळते.

भाकर एक झाली, म्हणजे पंथ एकत्र आले, ते टप्प्याटप्प्याने. 1904 मध्ये प्रेसबिटेरियन मंडळ्या भारतीय संघटनेत आल्या. 1924 मध्ये काँग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियन मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाली, म्हणजे सातारा आणि सांगली कागदावर एका छपराखाली आल्या. पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा संस्थांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यात अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन मेथडिस्टही होते. लहान मुलांचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी विश्वासाने घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही मान्य झाले. सेवापद (पाळकांचे पद) एक व्हावे म्हणून परस्परांवर हात ठेवून प्रार्थना झाली. आणि बिशप, म्हणजे अनेक मंडळ्यांवरचे मुख्य धर्माधिकारी, आले. ज्या मंडळ्यांनी कधी बिशप पाहिला नव्हता त्यांच्यासाठी हा बदल लहान नव्हता. एका पिढीत 'आम्ही ठरवतो' पासून 'वरून ठरते' पर्यंतचा तो प्रवास होता.

1924 आणि 1970 या दोन सालांच्या आधी, साताऱ्यातच, एकीचा एक वेगळा प्रयोग होऊन गेला, तो फार कमी लोक आठवतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, 1912 पासून मिशनच्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाचा मराठी भाग सांभाळला, आणि 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. गुजराण लोक स्वखुशीने देतील त्यावर. 1919 मध्ये टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही. पण त्यांनी बोट ठेवले ती जागा नेमकी होती. पाळकाचा पगार परदेशातून येतो तोवर मंडळीची मान कोणाकडे वळलेली असणार हे ठरलेलेच. पंथांचे ऐक्य ही पुढची गोष्ट. आधी पैशाची वाट सरळ हवी. पुढच्या सगळ्या विलीनीकरणांत हा मुद्दा शेवटच्या पानावर गेला, हे आमचे मत.

कारण वह्या, म्हणजे पैशाचे आणि मालमत्तेचे कागद, एक झाल्या नाहीत. मंडळीची जागा, पाळकाचे घर, शाळा, दफनभूमी या गोष्टी जुन्या मिशनच्या किंवा तिच्या ट्रस्टच्या नावावर असतात, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 चा त्यांच्याशी संबंध येतो, उपासनेतल्या ठरावाचा नाही. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये हेच स्पष्ट केले: विलीन झालो असा ठराव केल्याने ट्रस्टची मालमत्ता आपोआप नव्या संस्थेची होत नाही, कायद्यातली रीत पाळावी लागते. याच कायद्याच्या कलम 36 खाली जागा विकणे, गहाण टाकणे, दान देणे, किंवा बिगरशेती जागा 3 वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने देणे, या सगळ्याला आधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी हवी. कमिटीने एकमताने केलेला व्यवहारही परवानगीवाचून लंगडा.

सचोटीची मोडतोड मात्र क्वचितच जागेपासून सुरू होते. ती सुरू होते रविवारच्या अर्पणाच्या थैलीपासून. यरुशलेमच्या मंडळीतले पहिले भांडण विधवांच्या रोजच्या वाटपावरून झाले आणि सात माणसे नेमावी लागली (प्रेषितांची कृत्ये 6). पौलानेही वर्गणी एकट्याने नेली नाही, कोणी दोष लावू नये म्हणून सोबत माणसे घेतली (2 करिंथ 8). तोच नियम आजही पुरतो. उपासना संपली की थैली वेस्ट्रीत (चर्चला लागून असलेल्या खोलीत) नेऊन लगेच, नातेवाईक नसलेल्या दोघांनी मोजायची. नोटा आणि नाणी वेगळी लिहायची, पाकिटातले दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) नावानिशी, मोकळे अर्पण एकत्र. रजिस्टरवर दोघांच्या सह्या आणि रक्कम अक्षरी. सोमवारी बँकेत भरणा, स्लिप त्याच पानाला चिकटवलेली. चूक बहुधा इथेच होते: बँकेत भरण्याआधी त्यातूनच वायरमनला किंवा फुलवाल्याला पैसे दिले जातात. रक्कम क्षुल्लक असते, हेतूही चांगला असतो, पण रजिस्टर आणि पासबुक यांचा मेळ त्या दिवसापासून बसत नाही, आणि पाच वर्षांनी ज्याला पाळकाविरुद्ध काही हवे असते त्याला तो फरक बरोबर सापडतो.

दुसरी नेहमीची अडचण चेंज रिपोर्टची. विश्वस्त बदलले की कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत कळवायचे असते. सोबत सभेची नोटीस, ती सर्वांना मिळाल्याचा पुरावा, हजेरी, ठराव आणि नव्या विश्वस्तांची संमतिपत्रे. मंडळीत नोटीस उपासनेत वाचून दाखवायची सवय. वाचली होती हे सगळ्यांना माहीत असते, पण कागद नसतो. हरलेल्या गटाने हरकत घेतली की चौकशी लांबते आणि तोवर परिशिष्ट 1 वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीत, जुनीच नावे राहतात. बँक सहीचा अधिकार बदलून देत नाही, निवडून आलेल्या खजिनदाराला चेक लिहिता येत नाही, आणि वीजबिलासाठी पुन्हा रविवारच्या थैलीत हात जातो.