मानसशास्त्राची पदवी आणि नोकरीचा शोध : पार्श्वभूमी

नोकरी कशी शोधावी, मुलाखतीची तयारी कशी करावी, नकार कसा पचवावा, या प्रश्नांवर मानसशास्त्रज्ञांनी अनेक दशके प्रयोग केले. ते प्रयोग कारखान्यातून कमी झालेल्या कामगारांवर झाले, दीर्घकाळ बेकार असलेल्यांवर झाले. आपल्याच वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांकडे मात्र या शास्त्राचे लक्ष फार उशिरा गेले. मानसशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात आज नोकरीची तयारी आणि लोकांमध्ये जाऊन केलेले काम अशी दोन्ही अंगे एकत्र दिसू लागली आहेत. ती तिथवर वेगवेगळ्या वाटांनी आली.

गंमत म्हणजे सुरुवातीला या वाटा एकच होत्या. जानेवारी १९०८ मध्ये बॉस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी ‘व्होकेशन ब्युरो’ सुरू केला. पार्सन्स मानसशास्त्रज्ञ नव्हते. शिक्षणाने अभियंते आणि पुढे वकील. ब्युरो होता नॉर्थ एंड भागातल्या सिव्हिक सर्व्हिस हाऊसमध्ये. बाहेरदेशांतून आलेल्या गरीब कुटुंबांसाठी चालवलेले हे वस्तीतले केंद्र. स्वतःला ओळखा, कामाची माहिती घ्या आणि मग दोन्हींचा मेळ विचारपूर्वक घाला, अशी त्यांची साधी रीत होती. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. ही रीत सांगणारे त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये, त्यांच्या मागे निघाले. व्यवसाय मार्गदर्शनाचा जन्म असा वस्तीत झाला, विद्यापीठात नव्हे.

मानसशास्त्राने यातला मोजता येणारा भाग तेवढा उचलला. हार्वर्डमधले मानसशास्त्रज्ञ ह्युगो म्युन्स्टरबर्ग यांनी ट्रामचालक निवडण्यासाठी चाचण्या तयार केल्या. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली तेव्हा, १९१७ पासून, लष्कराने सुमारे १७ लाख जणांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घेतल्या. माणूस कुठे बसेल हे ठरवणाऱ्याची सोय झाली. काम शोधणाऱ्याच्या हाती काही लागले नाही.

त्याची बाजू सर्वांत जवळून पाहिली ती व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या गावात. तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळपास अख्खे गाव बेकार झाले. १९३१-३२ च्या हिवाळ्यात संशोधकांचे एक पथक तिथे गेले. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल ही त्यातली पुढे गाजलेली नावे. याहोदा तेव्हा जेमतेम पंचविशीची होती, डॉक्टरेटही व्हायची होती. या पथकाने स्वतःवर एक बंधन घालून घेतले होते : नुसते बघे म्हणून कोणी गावात राहायचे नाही, प्रत्येकाने गावाच्या उपयोगी पडेल असे काही करायचे. मग व्हिएन्नातून जुने कपडे गोळा करून वाटले गेले, डॉक्टरांची मोफत तपासणी सुरू झाली, शिवणाचे वर्ग निघाले. माहिती या कामांतूनच मिळत गेली. कोणी हातात घड्याळ घेऊन रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेग मोजला, तेव्हा पुरुष बायकांपेक्षा हळू चालताना आणि वारंवार थांबताना आढळले. कुठे पोचायची घाईच उरली नव्हती. बायकांच्या मागे घरचे काम होतेच. वाचनालयाची वर्गणी माफ केली, तरी पुस्तके नेण्याचे प्रमाण दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. १९३३ मध्ये छापलेला हा अभ्यास बेकारीच्या मानसशास्त्राचा पाया मानला जातो, आणि ते योग्यच आहे. माझ्या मते तरुण संशोधकाने समाजात कसे वावरावे याचा धडा म्हणूनही तो तितकाच मोठा आहे. या बाजूची चर्चा मात्र कमी होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदलले. अमेरिकेतल्या बोल्डर शहरात १९४९ मध्ये भरलेल्या परिषदेने चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजे मनोरुग्णांवर उपचार करणारा, संशोधक आणि उपचारक दोन्ही असावा असे ठरवले. हे प्रशिक्षण डॉक्टरेटचे होते. त्यामुळे पदवीची वर्षे म्हणजे प्रतीक्षालय झाली : गाडी पुढे लागणार, तोवर इथे बसा. ज्यांना ती गाडी पकडायचीच नव्हती, आणि असे विद्यार्थी नेहमीच बहुसंख्य होते, त्यांना कोणते फलाट गाठावे हे कोणी सांगत नव्हते.

विद्यार्थी बाहेर पडले ते वेगळ्याच गरजेतून. १९५९ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज अल्बी यांनी हिशेब मांडून दाखवले की मानसिक आरोग्याच्या गरजेला पुरतील इतके तज्ज्ञ कधीच तयार होणार नाहीत. त्याच दशकात हार्वर्ड आणि रॅडक्लिफ या महाविद्यालयांचे विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून मनोरुग्णालयात जाऊ लागले होते. वर्षानुवर्षे बंद वॉर्डात पडलेल्या रुग्णांशी बोलणे, त्यांना बाहेर फिरायला नेणे, एवढेच काम. पदवीपूर्व विद्यार्थीही उपयोगी पडतात हे त्यातून दिसले. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या स्वॅम्पस्कॉट इथल्या परिषदेत सामुदायिक मानसशास्त्र, म्हणजे माणसाकडे त्याच्या वस्तीसह आणि समाजासह पाहणारी स्वतंत्र शाखा उभी राहिली. सेवेतून शिक्षण ही कल्पनाही याच दशकाच्या उत्तरार्धात नावारूपाला आली. यात नोकरीचा विषय कुठेच नव्हता. भर होता नागरिकत्वावर, सामाजिक भानावर.

नोकरी शोधण्याचे शास्त्र तोवर वर्तनवाद्यांच्या, म्हणजे सरावाने आणि प्रोत्साहनाने वागणे बदलता येते असे मानणाऱ्या मानसशास्त्रज्ञांच्या, हाती गेले होते. १९७५ मध्ये नेथन अ‍ॅझरिन आणि सहकाऱ्यांनी ‘जॉब क्लब’चा प्रयोग प्रसिद्ध केला. सदस्य गटाने जमत, जोडीजोडीने काम करत. एक जण फोनवर मालकाशी बोलायचा, जोडीदार दुसऱ्या जोडफोनवर ऐकत टिपणे काढायचा, आणि फोन ठेवल्यावर काय चुकले ते सांगायचा. ओळखीपाळखीतून कळलेल्या जागा एकमेकांना दिल्या जात. दोन महिन्यांत क्लबच्या ९० टक्के सदस्यांना काम मिळाले, तुलनेच्या गटात ५५ टक्क्यांना. पुढे मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी नुकत्याच बेकार झालेल्या ९२८ जणांवर प्रयोग करून १९८९ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यात कौशल्यांसोबत अपयशाची आगाऊ तालीमही होती : नकार आला तर दुसऱ्या दिवशी काय करायचे, हे आधीच ठरवून ठेवायचे.

हे सारे पदवीच्या वर्गात यायला आणखी दोन दशके लागली. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने पदवी अभ्यासक्रमासाठी २०१३ मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांतल्या पाच उद्दिष्टांपैकी तिसरे नैतिक व सामाजिक जबाबदारीचे, पाचवे व्यावसायिक विकासाचे. २०१८ मध्ये त्याच संस्थेच्या एका समितीने मालकवर्गाला हव्या असलेल्या १७ कौशल्यांची यादी दिली. यादी वाईट नाही. पण ‘संवादकौशल्य उत्तम’ असे बायोडेटात लिहिणारा उमेदवार मुलाखत घेणाऱ्याला रोज भेटतो. ‘वृद्धाश्रमातल्या बारा जणांशी बोलून त्यांच्या झोपेच्या तक्रारी नोंदवल्या, आणि त्यावरून रात्रपाळीचे वेळापत्रक बदलावे असे व्यवस्थापकांना सुचवले’ असे सांगणारा क्वचित. दोन्ही वाटा पुन्हा मिळतात त्या इथे. बाहेरचे काम सांगण्यासारखे काही देते, आणि नोकरीच्या तयारीतून ते समोरच्याला कळेल असे मांडता येते.

अडचणी जुन्याच आहेत. सत्र संपले की विद्यार्थी निघून जातो, संस्था मात्र पुढच्या तुकडीला पहिल्यापासून शिकवत बसते. असे काम बहुधा बिनपगारी असते, त्यामुळे शिकता शिकता कमवावे लागणाऱ्याला ते परवडत नाही. म्हणजे नोकरीची सर्वाधिक निकड ज्याला, त्याच्याच बायोडेटात ही ओळ नसते. काही विद्यापीठे या तासांना श्रेयांक देतात, काही ठिकाणी विद्यावेतनही मिळते. श्रेयांकांमुळे वेळापत्रकात जागा होते, खर्चाची भरपाई होत नाही.