पार्श्वभूमी : परसातील भाज्यांचा पाला आणि विषाची शंका

कोकणातील परसात न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू, कुंपणाला शेवगा आणि मांडवावर लाल भोपळ्याचा वेल वाढे, तोवर पाला खावा की नाही हा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. या झाडांची पाने भाजीत जातातच. गोकुळाष्टमीला तर शेवग्याच्या पाल्याची भाजी मुद्दाम केली जाते. प्रश्न निर्माण झाला तो याच परसात टोमॅटोची रोपे लागू लागल्यानंतर, कारण विषारी वनस्पतींच्या तक्त्यांमध्ये टोमॅटोचा पालाही धोत्र्याबरोबर विषारी म्हणून दिलेला असतो.

अळूचा अनुभव आधीपासून गाठीशी होता. त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते जिभेला व घशाला टोचतात. म्हणून देठ सोलताना हाताला तेल लावावे, फदफद्यात चिंच किंवा आमसूल घालावे आणि भाजी चांगली शिजवावी, ही रीत पडली. रायगड-ठाण्याकडे शेवळांच्या, म्हणजे पावसाळ्यात उगवणाऱ्या खाजऱ्या रानभाजीच्या, भाजीत खाज मारण्यासाठी काकडे ही आंबट रानफळे घालतात, तेही याच कारणाने. खाजणारा पाला नीट शिजवला की खाण्याजोगा होतो, हा समज या अनुभवातून रुजला आणि अळूपुरता तो योग्यच आहे.

टोमॅटो, वांगे, बटाटा आणि मिरची ही मात्र धोत्र्याच्या कुळातील झाडे आहेत. त्यांतील मिरची, बटाटा आणि टोमॅटो पोर्तुगीजांच्या आगमनानंतर भारतात आले. युरोपात टोमॅटोच्या फळाकडेही दीर्घकाळ संशयाने पाहिले गेले, आणि त्यामागे हे कुळाचे नातेही होते. विषारी वनस्पतींच्या तक्त्यांमध्ये टोमॅटोचा पाला धोत्र्याच्या पंगतीला बसवण्याचा निर्णय याच नात्यावर उभा आहे आणि खरा वाद तिथेच आहे. धोत्र्यातील विषे ॲट्रोपीनच्या वर्गातील असून ती थेट मज्जासंस्थेवर परिणाम करतात. टोमॅटोच्या पानांतील टोमॅटीन हे वेगळ्या रचनेचे द्रव्य आहे. ते १९४०च्या दशकात वेगळे काढण्यात आले. आतड्यात ते कोलेस्टेरॉलशी बांधले जाते आणि त्याचा बराचसा भाग शरीरात शोषला जात नाही. कच्च्या हिरव्या टोमॅटोतही ते असते, आणि हिरव्या टोमॅटोची चटणी तर आपल्याकडे आवडीने खाल्ली जाते. पानांत त्याचे प्रमाण फळापेक्षा जास्त असल्यामुळे पाला भाजीसारखा वाटीभर खाणे शहाणपणाचे नाही, परंतु एखादे पान चुकून आमटीत पडले म्हणून अख्खे पातेले ओतून देण्याचेही कारण नाही. तक्ते करणाऱ्यांनी प्रमाणाचा हा मुद्दा सरळ वगळला आहे.

बटाट्याच्या बाबतीत अशी सवलत देता येत नाही. त्याच्या पाल्यात आणि हिरव्या पडलेल्या कंदात सोलॅनिन व चॅकोनिन ही विषारी द्रव्ये असतात; एक किलो बटाट्यात ती एकूण २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावीत, अशी मर्यादा सर्वसाधारणपणे धरली जाते. सोलॅनिन उकळूनही फारसे कमी होत नाही, त्यामुळे अळूचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही. कोकणात बटाटा मुख्यतः घाटावरूनच येत असल्याने त्याच्या पाल्याशी आपला संबंध क्वचितच येतो. रताळ्याचे कूळ वेगळे, त्यामुळे त्याचा कोवळा पाला शिजवून खाता येतो. दुसरीकडे, सोलॅनिन १८२०मध्ये प्रथम ज्या झाडाच्या फळांतून मिळवले गेले त्या, धोत्र्याच्याच कुळातील, कामोणीचा कोवळा पाला महाराष्ट्रात रानभाजी म्हणून शिजवला जातो. केवळ कुळावरून निवाडा करता येत नाही, हे दाखवायला याहून चांगला पुरावा नाही.

अलीकडे परसाऐवजी गच्चीवरच्या कुंड्यांत रोपवाटिकेतील टोमॅटोची रोपे लावली जातात. त्यांच्या पानांवर बुरशीनाशक किंवा कीटकनाशक फवारलेले असू शकते. टोमॅटीनविषयी हिरिरीने वाद घालणारे या फवाऱ्याविषयी सहसा बोलत नाहीत, आणि कुंडीतला पाला तोंडात घालणाऱ्या लहान मुलांच्या दृष्टीने चौकशी आधी त्याचीच व्हायला हवी.