व्हिसा, आरोप आणि ट्रायब्युनलची खुर्ची

ऑस्ट्रेलियात तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या माणसावर फौजदारी आरोप ठेवला गेला, की त्याची दोन प्रकरणं सुरू होऊ शकतात. कोर्टात तो दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष. इमिग्रेशन खातं मात्र कोर्टाच्या निकालासाठी थांबायला बांधलेलं नाही. खात्याने व्हिसा रद्द केला तर बहुतेक वेळा दाद मागायची ती ट्रायब्युनलकडे, म्हणजे सरकारी निर्णय पुन्हा तपासणाऱ्या मंडळाकडे.

हे ट्रायब्युनल १९७६ मध्ये सुरू झालं (२०२४ मध्ये त्याची जागा नव्या ट्रायब्युनलने घेतली). त्याचा आवाका ठरला तो १९७९ च्या ड्रेक खटल्यात. गांजा बाळगल्याबद्दल शिक्षा झालेल्या एका अमेरिकी नागरिकाला हद्दपार करायचं होतं. फेडरल कोर्ट म्हणालं, मंत्र्याचा निर्णय चालण्यासारखा होता का, एवढंच पाहून भागणार नाही. ट्रायब्युनलने मंत्र्याच्याच खुर्चीत बसून योग्य किंवा अधिक बरा निर्णय कोणता, हे स्वतः ठरवायचं.

ही खुर्ची टाळताही येते, हे २००७ साली आपल्याकडच्या लोकांनी टीव्हीवर पाहिलं. मूळचे कर्नाटकातले डॉ. मोहम्मद हनीफ गोल्ड कोस्टच्या रुग्णालयात काम करत होते. २ जुलैला ब्रिस्बेन विमानतळावर त्यांना अटक झाली. ब्रिटनमधल्या नात्यातल्या भावाला दिलेल्या सिम कार्डावरून दहशतवादी संघटनेला मदत केल्याचा आरोप ठेवला गेला. १६ जुलैला मॅजिस्ट्रेटने जामीन दिला. काही तासांतच इमिग्रेशन मंत्री केविन अँड्र्यूज यांनी चारित्र्याच्या कलमाखाली, म्हणजे ५०१ खाली, व्हिसा रद्द केला. जामीन हातात आणि व्हिसा गेलेला! २७ जुलैला आरोपच मागे घेतला गेला. मंत्र्याने हा अधिकार स्वतः वापरल्यामुळे ट्रायब्युनलचा रस्ता बंद होता. उरलं कोर्ट, आणि कोर्ट फक्त कायद्याची चूक पाहतं. सुदैवाने ती सापडली: संशयितांशी ‘संबंध’ या शब्दाचा मंत्र्याने फारच ऐसपैस अर्थ लावला होता. ऑगस्टमध्ये न्या. स्पेंडर यांनी निर्णय रद्द केला, डिसेंबरमध्ये सरकारचं अपीलही फेटाळलं गेलं.

त्यानंतर कायदा सैल झाला नाही, उलट आवळला गेला. २०१३ मध्ये ब्रिजिंग व्हिसा ‘ई’ (वैध व्हिसा नसलेल्यांना प्रकरण मार्गी लागेपर्यंत मिळणारा तात्पुरता व्हिसा) धारकांसाठी नुसता आरोप हेच व्हिसा रद्द करण्याचं कारण ठरलं. २०१४ च्या दुरुस्तीने व्हिसा रद्द करण्याच्या सर्वसाधारण कलमातली, म्हणजे ११६ मधली, धोक्याची पायरी खाली आणली. समाजाला किंवा एखाद्या व्यक्तीला धोका ‘असू शकेल’ एवढंही पुरे.

तरीही कलम ११६ खाली बहुतेक प्रकरणांत व्हिसा रद्द ‘करता येतो’, करावाच लागतो असं नाही. म्हणून ट्रायब्युनलपुढे दोन पायऱ्या असतात. आधी, कारण आहे का. असलं, तर मग रद्द करावा का: माणूस कशासाठी आला, अटी पाळल्या का, मुलाबाळांचं काय होईल, व्हिसा गेल्यावर स्थानबद्धता येईल का. माझ्या मते खरी लढाई या दुसऱ्या पायरीवरच असते. त्यातही मंत्र्याचे लेखी निर्देश असले तर ट्रायब्युनलला ते पाळावे लागतात.

सगळ्यात अवघड गाठ गप्प राहण्याची. फौजदारी वकील सांगतो, खटला संपेपर्यंत तोंड उघडू नका. ट्रायब्युनलपुढे मात्र काही बोललंच नाही, तर आपल्या बाजूने तोलायला फारसं काही उरत नाही. आणि बोललं, तर ते उद्या खटल्यात पुढे येण्याची धास्ती. त्यातून सरकारी पक्षाला व्हिसा गेलेला माणूस खटल्यासाठी हवाच असेल, तर तेवढ्यापुरतं देशात थांबवून घेण्याचा वेगळा व्हिसा कायद्यात आहे. खटला संपला की तोही संपतो.