टीन स्लॅशर

टीन स्लॅशर म्हणजे असा थरारपट ज्यात शाळा-कॉलेजातल्या पोरापोरींचा एक ग्रुप असतो, त्यांच्या मागावर एक खुनी असतो, बहुतेक वेळा मुखवटा घातलेला, आणि तो बंदूक न वापरता सुरा, कुऱ्हाड, आकडा असलं काहीतरी हातात घेऊन एकेकाला एकटं गाठून मारतो. शेवटी साधारण एकच जण उरतं आणि ती बहुतेकदा मुलगी असते. भुताच्या पिक्चरपेक्षा हा प्रकार वेगळा, इथे मारणारा सहसा हाडामांसाचा माणूस असतो ('अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' या पिक्चरमधला खुनी फ्रेडी स्वप्नात येऊन मारतो, पण तो अपवाद). मर्डर मिस्टरीपेक्षाही वेगळा, तिथे खून झाला की तपास सुरू होतो, इथे तपासाला कोणाला फुरसतच नसते, पुढचा नंबर आपला लागायच्या आत पळायचं असतं. मुंबईत स्लॅशर हा शब्द पिक्चरवेडी मंडळी सोडली तर फारसं कोणी वापरत नाही, "तो मास्कवाला मर्डरचा पिक्चर" म्हटलं की समोरच्याला कळतं.

कुठून आला

मूळ धागा १९६० च्या हिचकॉकच्या 'सायको'पर्यंत जातो, त्याच वर्षी ब्रिटनमध्ये मायकेल पॉवेलचा 'पीपिंग टॉम' आला होता. पोरापोरींचा ग्रुप, सणाचा दिवस आणि घरात शिरलेला खुनी हे सगळं एकत्र नीट दिसतं ते १९७४ च्या कॅनडातल्या 'ब्लॅक ख्रिसमस'मध्ये. त्यात होस्टेलसारख्या घरात राहणाऱ्या मुलींना घाणेरडे फोन येत असतात आणि शेवटी कळतं की फोन घरातूनच येतायत. पण साचा पक्का केला तो जॉन कारपेंटरच्या 'हॅलोवीन'ने, १९७८ साली. मग १९८० ला 'फ्रायडे द थर्टीन्थ', १९८४ ला वेस क्रेव्हनचा 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' (जॉनी डेपचा पहिला पिक्चर हाच) आणि दशक संपेपर्यंत प्रेक्षक याला कंटाळला. १९९६ ला त्याच क्रेव्हनने 'स्क्रीम' काढला, ज्यातल्या पोरांनी आधीचे सगळे स्लॅशर पाहिलेले असतात आणि ती त्यांचे नियम आपसात बोलून दाखवतात, त्याने हा प्रकार परत उभा केला.

ताकद कशात आहे

पहिली गोष्ट पैसा, कारण पैसा नसल्यामुळेच यातल्या बऱ्याच चांगल्या गोष्टी घडल्यात. 'हॅलोवीन' साधारण सव्वातीन लाख डॉलरमध्ये झाला आणि जगभरात सात कोटींच्या आसपास कमावून बसला. गोष्ट ऑक्टोबरमधली, शूटिंग वसंत ऋतूत, म्हणून पानगळ दाखवायला रंगवलेली पानं रस्त्यावर पसरायची आणि शॉट झाला की गोळा करून पुढच्या शॉटला परत वापरायची. खुन्याचा मुखवटा म्हणजे दुकानात मिळणारा 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कचा रबरी चेहरा, पांढरा फासलेला, किंमत दोन डॉलरच्या आतबाहेर. संगीत कारपेंटरने स्वतःच केलं, पियानोवर पाच मात्रांची एक ओळ, जी आपल्या कानाला कुठेतरी अर्धी राहिल्यासारखी वाटते आणि म्हणून स्वस्थ बसू देत नाही. मोठं बजेट असतं तर यातलं काहीच सुचलं नसतं असं मला ठामपणे वाटतं.

दुसरी ताकद म्हणजे जागा. चांगला स्लॅशर तुम्हाला घर आधी नीट दाखवतो, जिना कुठे, मागचं दार कुठे, समोरच्या घरातला दिवा चालू आहे की बंद, आणि मग त्या माहितीचाच फास करतो. 'हॅलोवीन'मधला कपाटाचा सीन पाहा. नायिका लॉरी खोलीतल्या कपाटात शिरते, दाराला लाकडी पट्ट्या आहेत, म्हणजे ती आत आहे पण पूर्ण झाकलेलीही नाही. खुनी बाहेरून पट्ट्या फोडायला लागतो, हात आत येतो, आतला बल्ब लागतो आणि हलायला लागतो, क्षणात उजेड क्षणात अंधार. आणि तिच्या हाताला काय लागतं तर कपडे अडकवायचा तारेचा हँगर. ती खाली बसून, थरथरत्या हातांनी तो हँगर उलगडून सरळ करते, आणि आपण श्वास धरून बघत राहतो की तार सरळ होईपर्यंत दार टिकेल का. हँगर प्रत्येकाच्या घरात असतो. तो सीन पाहिल्यावर आपल्या कपाटाकडे बघायची नजर बदलते, आणि भीतीच्या पिक्चरकडून याहून जास्त काय मागायचं?

'स्क्रीम'च्या सुरुवातीला हेच काम पॉपकॉर्न करतं. मुलगी घरात एकटी, शेगडीवर पॉपकॉर्नचं भांडं ठेवलंय, राँग नंबर लागतो, समोरचा गोड बोलतो, तीही हसून बोलते, आणि भांड्यावरचा चांदीचा कागद फुगत चाललाय. फोनवरचा आवाज बदलतो तेव्हा शेगडीकडे जायला तिला सवड नाही, फुगा वाढतोच आहे, मग धूर. कोणी घड्याळ दाखवलेलं नाही तरी वेळ निघून चाललाय हे डोळ्यांना दिसतं. ती मुलगी ड्रू बॅरीमोर, पोस्टरवर झळकलेली सगळ्यात मोठी स्टार, आणि बारा-तेरा मिनिटांत ती मरते. यानंतर प्रेक्षकाला कोणाचीच खात्री राहत नाही. ही युक्ती 'सायको'तून आलेली, तिथे जॅनेट ली अशीच निम्म्याआधी गेली होती, आणि 'हॅलोवीन'ची लॉरी झालेली जेमी ली कर्टिस ही तिचीच मुलगी.

आणि शेवटी उरणारी मुलगी. कॅरल क्लोव्हर या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८७ च्या लेखात तिला 'फायनल गर्ल' हे नाव दिलं, १९९२ ला त्यावर पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं की थेटरात बसलेली पोरंसुद्धा, सुरुवातीला कोणाच्याही बाजूने असोत, शेवटच्या वीस मिनिटांत त्या मुलीच्या अंगात शिरून पळत असतात. मला हे पटतं. ज्या काळात मोठ्या पिक्चरमध्ये हिरॉइन ओरडायची आणि हिरो यायचा, त्या काळात या स्वस्तातल्या पिक्चरमध्ये पोरीलाच सगळं निस्तरावं लागत होतं. 'हॅलोवीन'च्या सहलेखिका आणि निर्मात्या डेब्रा हिल यांनी मुलींचे बरेचसे संवाद लिहिले, त्यामुळे त्या तिघी मैत्रिणी शाळेतून घरी चालत जाताना जे बोलतात ते खरं वाटतं, अभ्यास, पोरगे, आईबाप, कोणाकडे बाळ सांभाळायला जायचंय. त्यातल्या दोघी मेल्यावर वाईट वाटतं ते त्या चालण्यामुळे.

कमी कुठे पडतो

नेमकं हेच पुढच्या बहुतेकांनी सोडून दिलं. एक खेळाडू, एक सुंदर, एक टवाळ, एक चष्मेवाला असे चार शिक्के मारले की झाली पात्रं, सगळे बळीचे बकरे, फक्त मरायला आणलेले. माणूस कोण होता हेच माहीत नसेल तर तो गेल्याचं आपल्याला काय होणार, मग उरतं ते फक्त कसा मारला एवढंच. 'फ्रायडे द थर्टीन्थ'चे १९८० ते १९८९ मध्ये आठ भाग आले. पहिल्यात खुनी मुळी पुढच्या भागांमुळे गाजलेला जेसन नव्हताच, त्याची आई होती, मुलगा बुडाला तेव्हा ज्यांनी लक्ष दिलं नाही त्यांच्यावरचा राग, म्हणजे निदान एक दुःख तरी होतं तिथे. तो प्रसिद्ध हॉकी मास्क आला तिसऱ्या भागात, १९८२ ला, आणि तो आल्यावर दुःखबिःख सगळं मागे पडून मास्कच हिरो झाला. प्रेक्षक खुन्यासाठी टाळ्या पिटायला लागला की भीती संपली असं समजावं.

दुसरा आक्षेप जुना आणि गंभीर. जी पोरं प्रेम करतात, दारू पितात ती मरतात आणि सोज्वळ मुलगी वाचते, म्हणजे पिक्चर शिक्षा वाटत सुटलाय. कारपेंटरने स्वतः हा अर्थ नाकारलाय, लॉरी वाचते कारण बाकीचे आपापल्या नादात असतात आणि तिचंच आजूबाजूला लक्ष असतं. त्याच्या पिक्चरपुरतं ते खरंही आहे, पण नकला करणाऱ्यांनी शिक्षाच तेवढी उचलली. मुलींचे मृत्यू लांबवून लांबवून दाखवायचे, कॅमेरा खुन्याच्या डोळ्यांतून धरायचा. अमेरिकेत रॉजर ईबर्ट आणि जीन सिस्केल या समीक्षकांनी १९८० मध्ये टीव्हीवर याविरुद्ध एक अख्खा भाग केला, आणि लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की 'हॅलोवीन' मात्र दोघांनाही आवडला होता. त्याची सुरुवातही खुन्याच्याच डोळ्यांतून आहे, पण मग मुखवटा काढला जातो आणि खाली सहा वर्षांचं पोर सुरा धरून उभं असतं. डोळे उधार दिले तर त्याचा हिशोबही द्यावा लागतो, तो तिथे दिलाय.

तिसरी खोट मला सगळ्यात जास्त टोचते आणि तिच्यावर कमी बोललं जातं, ती म्हणजे 'वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला' खुनी. हेतू सुचला नाही की वेड. 'हॅलोवीन'सुद्धा यातून सुटत नाही. आपल्याकडे अजून कोणी विचित्र वागलं की "याला ठाण्याला टाका" (म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात) असं सहज म्हणतात, मानसिक आजार असलेल्या माणसाच्या घरच्यांना ते ऐकून घ्यावं लागतं, आणि असे पिक्चर त्याच समजुतीला खतपाणी घालतात. प्रत्यक्षात अशा आजारी माणसांतले बहुतेक कोणाच्या अंगावर जात नाहीत, त्यांनाच लोकांचा त्रास होतो.

बाकीच्या गोष्टी लहान. मांजर उडी मारतं आणि ढ्यँ करून संगीत वाजतं, वेगवेगळे होऊन शोधूया असं कोणीतरी म्हणतं, शेवटच्या पाच मिनिटांत खुनी उभ्याउभ्या सगळं कारण सांगतो. चांगल्या दिग्दर्शकाच्या हातात यातलं काहीही खपून जातं.

मुंबईत

इथे एक गंमतशीर अडचण पहिल्यापासून आहे, ज्या वयाच्या पोरांवर हा पिक्चर असतो त्यांनाच तो थेटरात बघता येत नाही. रक्तपातामुळे सेन्सॉरकडून बहुतेकांना 'ए' मिळतं, म्हणजे अठराच्या आतल्यांना बंदी, अमेरिकेत निदान आईबापाला सोबत घेऊन जाता येतं. २०२४ पासून आपल्याकडे यूए चे ७+, १३+, १६+ असे भाग झालेत, पण 'ए' आहे तिथेच आहे. त्यामुळे नव्वदीच्या शेवटी शेवटी आमच्या पिढीने हे पिक्चर पाहिले ते केबलवर नाहीतर नाक्यावरच्या लायब्ररीतून भाड्याने आणलेल्या व्हीसीडीवर. व्हीसीडीवर एका डिस्कमध्ये सव्वा तासाच्या आसपासच मावायचं म्हणून पिक्चर दोन डिस्कचा, आणि पहिली डिस्क नेमकी पळापळ चालू असताना संपायची. डोंबिवलीला मावशीकडे आम्ही सात-आठ भावंडं दिवे बंद करून बघत होतो, स्क्रीन निळी झाली, आणि अंधारात उठून टीव्हीपर्यंत जायला एकही जण तयार होईना, शेवटी मावशी पोळ्या टाकून बाहेर आली आणि पिठाच्या हाताने डिस्क बदलून गेली. थेटरातला इंटरव्हल हाच घात करतो, नव्वद मिनिटांच्या पिक्चरला मधोमध कापून सामोसा खायला पाठवलं की बांधलेला ताण दारातच सांडतो, आणि त्यात पिक्चरचा काही दोष नसतो.

हिंदीत २००३ या एकाच वर्षी 'कुछ तो है', 'धुंद' आणि 'श्श्श्श...' असे तीन पिक्चर या वळणाचे आले, तिन्हींवर 'स्क्रीम' आणि 'आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर' (१९९७) यांची दाट छाया. साचा घेतला पण घर घेतलं नाही, अशी माझी त्यांच्याबद्दल तक्रार आहे. हा प्रकार रिकाम्या जागेवर जगतो, दोन घरांत लॉन, ओरडलं तर ऐकू न जाणारं अंतर. गिरगावात नाहीतर लालबागला चाळीत कोणी किंचाळलं तर चार दारं उघडतात, वरच्या मजल्यावरून कोणीतरी "काय झालं गं?" विचारतं, खुन्याला जिना उतरायलाही जागा नाही. म्हणून आपले लेखक गोष्ट उचलून खंडाळ्याच्या नाहीतर मढच्या बंगल्यात नेऊन ठेवतात आणि तिथे ती परकी दिसते. महाराष्ट्रात रिकामी जागा सापडत नाही असं नाही, २०१७ च्या मराठी 'लपाछपी'ने (तो स्लॅशर नव्हे, भुताचा) डोक्याच्या वर गेलेल्या उसात बाईला हरवून दाखवलं, आणि उसाच्या फडात एकदा शिरलेल्या कोणालाही ती भीती समजावून सांगावी लागत नाही.

आणि आता मुंबईतसुद्धा ती जागा तयार झालीये. परळ, लोअर परळला गिरण्यांच्या जमिनीवर जे टॉवर उभे राहिलेत त्यात मध्ये मध्ये काही मजल्यांवर रेफ्युज म्हणून जागा मोकळी सोडलेली असते, आग लागली तर लोकांनी थांबायला, एरवी तिथे कोणी नसतं, फक्त वारा. खाली पार्किंगचे थर, हालचाल दिसली की लागणारे आणि न दिसली की विझणारे दिवे. शेजारचं दार उघडत नाही, शेजारी कोण राहतं हे माहीतच नसतं. आईबाप उशिरापर्यंत ऑफिसात, नववीतली मुलगी धाकट्या भावाला घेऊन एकतिसाव्या मजल्यावर, आणि भिंतीवरचा इंटरकॉम वाजतो. वॉचमन असेल, पार्सल असेल, चुकून दाबलेला नंबर असेल. मोबाइलवर निदान नंबर दिसतो. इंटरकॉमवर फक्त घंटी ऐकू येते, आणि तो फोन कायम बिल्डिंगच्या आतूनच आलेला असतो.