हॉल्ट लिहायचं राहिलं तर

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्या कुणासमोरही नुसतं ‘८०८५’ म्हणून बघा. लॅबमधला तो किट, त्यावरचे लाल आकडे आणि एक बटण चुकलं म्हणून पहिल्यापासून भरलेला प्रोग्रॅम, सगळं आठवून तो हसेल तरी नाहीतर कपाळाला हात तरी लावेल. इंटेलचा हा प्रोसेसर १९७६चा, आत जेमतेम साडेसहा हजार ट्रान्झिस्टर. पण त्याचाच एक भाऊबंद १९९७ साली सोजर्नर गाडीत बसून मंगळावर हिंडला.

आता किट नसला तरी अडत नाही. ८०८५चं सोंग हुबेहूब वठवणारे सिम्युलेटर फुकट मिळतात. बेरजेचा हा प्रोग्रॅम त्यात लिहिला:

एमव्हीआय ए, २५एच
एमव्हीआय बी, १७एच
ॲड बी
एसटीए २०५०एच
हॉल्ट

म्हणजे ए रजिस्टरमध्ये, प्रोसेसरच्या आतल्या एका छोट्या कप्प्यात, २५ ठेव, बीमध्ये १७ ठेव, बी हा एमध्ये मिळव, उत्तर मेमरीच्या २०५० नंबरच्या घरात टाक आणि थांब. शेवटचा ‘एच’ म्हणजे हेक्स, सोळाच्या हिशेबातला आकडा.

असेंबलरने, म्हणजे हुकुमांचे आकडे करून देणाऱ्या प्रोग्रॅमने, याचे नऊ बाइट केले आणि २०००पासूनच्या घरांत ओळीने मांडले: ३ई २५ ०६ १७ ८० ३२ ५० २० ७६. यात २०५० उलटा पडलाय, आधी ५० मग २०. पत्त्याचा खालचा अर्धा आधी, ही ८०८५ची रीतच आहे.

३ मेगाहर्ट्झच्या खऱ्या चिपवर हे सगळं १२ मायक्रोसेकंदांत उरकतं. सिम्युलेटरमध्ये मात्र ‘सिंगल स्टेप’ दाबत चहा पीत बघता येतं. तीनदा दाबलं आणि एमध्ये उत्तर आलं: ३सी.

२५ आणि १७ मिळून ४२ हवेत ना? इथे आजोबांचा हिशेब कामाला येतो. १९५७पर्यंत आपला रुपया सोळा आण्यांचाच होता. २ रुपये ५ आणे अधिक १ रुपया ७ आणे, झाले ३ रुपये १२ आणे. हेक्समध्ये बाराला सी म्हणतात. संपलं.

खरी गंमत पुढे आहे. शेवटचा हॉल्ट खोडला आणि पुन्हा चालवलं. उत्तर २०५०मध्ये बरोबर पडलं, पण प्रोसेसर काही थांबेना. पुढच्या घरात ०० होतं. ८०८५च्या भाषेत ००चा अर्थ ‘काही करू नकोस, पुढे चल’. अशी ७२ रिकामी घरं तो ओलांडत गेला आणि २०५०वर पोचला. तिथे त्याचंच उत्तर ठेवलेलं, ३सी. आणि ३सी हा हुकूमही असतो: एमध्ये एक मिळव! त्याने मुकाट्याने मिळवला. ए झाला ३डी.

चूक प्रोसेसरची नाही. ३सी हा आकडा आहे की हुकूम, हे त्या घरावर कुठेच लिहिलेलं नसतं. प्रोग्रॅम आणि माहिती एकाच मेमरीत ठेवायची ही कल्पना जॉन फॉन नॉयमनच्या १९४५च्या मसुद्यात आहे आणि आपले बहुतेक संगणक अजून तिच्यावरच चालतात. पुढचा हुकूम कुठून उचलायचा हे प्रोग्रॅम काउंटर सांगतो, आणि त्याचं बोट ज्या घरावर पडेल तिथला आकडा हुकूम समजायचा. एसटीएने २०५०कडे बोट दाखवलं तेव्हा ते घर तिजोरी होतं, काउंटरने दाखवलं तेव्हा तेच फर्मान झालं.

किटवर हा खेळ इतका स्वच्छ दिसत नाही, कारण वीज लावताच तिथल्या रिकाम्या घरांत वाट्टेल तो कचरा असतो. माझ्या सिम्युलेटरने सगळीकडे शून्यं भरून ठेवली होती. म्हणून मी ‘रन’ दाबून गंमत बघत बसलो. काउंटर शेवटच्या घरापर्यंत, एफएफएफएफपर्यंत गेला, तिथून ००००वर वळला आणि चालत चालत पुन्हा २०००वर आला. एमध्ये परत २५.